वाइनची चव, मोहाचा गुन्हा आणि आपले पाचवे शील

"दारू नाही हो, फक्त वाइन घेतो."

हे वाक्य आम्ही अलीकडे आपल्याच तरुणांच्या तोंडून वारंवार ऐकतो. म्हणणारा शिकलेला असतो, नोकरीला लागलेला असतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तो पुढे असतो, बुद्धपौर्णिमेला विहारात हात जोडून पंचशीलही घेतो. आणि सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर नाशिकला जाऊन द्राक्षबागेशेजारच्या टेस्टिंग रूममध्ये पाच-सहा प्रकारच्या वाइन चाखतो, कोणत्या वाइनबरोबर कोणते चीज जाते ते शिकतो, फोटो टाकतो. कोणी टोकले तर उत्तर तयार असते. वाइन म्हणजे दारू नव्हे, ती संस्कृती आहे, ती चवीने घ्यायची गोष्ट आहे.

या उत्तराचा नीट समाचार घेतला पाहिजे असे आम्हांला वाटते. फोटो टाकणाऱ्या पोरांना झोडपणे हा आमचा हेतू नाही. ज्या वस्तीत आम्ही काम करतो तिथे हातभट्टीने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही रोज पाहतो, आणि त्याच वस्तीतल्या पहिल्या पदवीधराला वाइनच्या पेल्यात आपण 'वर' आल्याची खूण दिसते, हेही पाहतो. दोन्ही ठिकाणी अल्कोहोल तेच आहे. मग एकाला संस्कृती आणि दुसऱ्याला व्यसन म्हणण्याचा अधिकार कोणाकडे आहे? आणि ज्यांनी पाचवे शील घेतले आहे, त्यांनी या भेदाकडे कसे पाहायचे?

आधी ही विद्या समजून घेऊ

ज्याची चिकित्सा करायची ते आधी समजून घ्यावे, ही बाबासाहेबांची शिस्त. म्हणून वाइन चाखणे म्हणजे नेमके काय ते पाहू.

पेला पाव भागच भरतात. तो पांढऱ्या कागदासमोर तिरका धरून रंग बघतात. मग पेला गोल फिरवतात, म्हणजे वाइनमधला गंध वर येतो. नाक आत घालून हुंगतात. लहान घोट घेऊन तो तोंडभर फिरवतात आणि चार गोष्टी तपासतात : आंबटपणा किती, गोडवा किती, टॅनिन म्हणजे कच्च्या जांभळासारखा तुरटपणा किती, आणि अल्कोहोलची ऊब किती. जे व्यवसायाने चाखतात ते शेवटी घोट थुंकून टाकतात. दिवसाला पन्नास वाइन तपासायच्या तर शुद्धीवर राहावे लागते. नशा आली की चव कळत नाही, हे त्या धंद्यातल्या जाणत्यांनाच सर्वांत आधी ठाऊक असते.

पेअरिंगचेही नियम आहेत आणि ते काही दैवी नाहीत. आंबट वाइन तेला-तुपाचा जडपणा कापते. टॅनिन मांसातल्या प्रथिनांना धरून बसते, म्हणून तुरट लाल वाइन लाल मांसाबरोबर मऊ लागते, पण तीच माशाबरोबर घेतली तर तोंडात लोखंडासारखी चव येऊ शकते. अल्कोहोल मिरचीचा जाळ वाढवते, गोडवा तो जाळ शमवतो. त्यामुळे तिखट जेवणाबरोबर जड लाल वाइनऐवजी किंचित गोडसर, हलकी पांढरी वाइन सुचवली जाते. नाशिकला भरपूर होणारी शेनिन ब्लाँ या कामी पुढे करतात ती त्यामुळेच.

एवढे वाचून कोणत्याही वस्तीतली आजी म्हणेल, यात नवे काय? आंबाडीच्या आंबट भाजीबरोबर ज्वारीच्या सौम्य कण्या का शिजवतात? वजडीच्या चरबीवर लिंबू का पिळतात? सुक्या बोंबलाच्या उग्र वासाला कच्चा कांदा का लागतो? ठेच्याने तोंड पोळले की गुळाचा खडा का शोधतात? आंबटाने चरबी कापायची, गोडाने तिखट शमवायचे, हे शास्त्र आपल्या चुलीजवळ पिढ्यान्‌पिढ्या होते. फक्त त्याला कोणी पेअरिंग म्हटले नाही, त्याचे प्रमाणपत्र दिले नाही आणि त्यासाठी तिकीट लावले नाही.

जिभेलाही वर्ग असतो

समाजशास्त्र शिकताना पिअर बोर्द्यू या फ्रेंच विचारवंताचे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकले. १९७९ मध्ये आलेल्या आपल्या 'डिस्टिंक्शन' या ग्रंथात त्याने दाखवून दिले की माणसाची आवडनिवड ही त्याच्या मनाची खाजगी गोष्ट वाटते, पण ती त्याच्या वर्गातून घडते, आणि वरचा वर्ग आपली आवड हीच 'उच्च अभिरुची' म्हणून सगळ्यांवर लादतो. काय खावे, कसे खावे, कशाला नाक मुरडावे, यातून माणसे एकमेकांना ओळखतात आणि दूर ठेवतात. हे वाचताना आपल्याला काही नवल वाटायला नको. कोणाच्या ताटात काय आहे यावरून माणसाची पायरी ठरवणारा देश आपलाच आहे. बोर्द्यूने जे वर्गाबद्दल लिहिले, ते आपल्याकडे जातीने हजारो वर्षे अमलात आणले.

वाइनच्या बाबतीत ही 'अभिरुची' किती ठिसूळ असते याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. फ्रान्समधील बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन दिली, पण तिच्यात गंधहीन लाल रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरायच्या शब्दांत केले. २००१ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. म्हणजे वाइनचे शिक्षण घेणाऱ्यांचे नाकसुद्धा डोळ्याने जे पाहिले त्याच्या मागे गेले. वाइनमध्ये फरक नसतो असा याचा अर्थ नाही. पण जीभ एकटी कधीच चाखत नाही. तिच्याबरोबर बाटलीवरचे लेबल, किंमत, बसण्याची जागा आणि समोरच्याचे इंग्रजी हे सगळे चाखत असते.

आता शब्दांकडे बघा. १९८० च्या दशकात अमेरिकेतील डेव्हिस येथील विद्यापीठात अॅन नोबल या शास्त्रज्ञ बाईंनी वाइनच्या गंधांचे चक्र तयार केले. त्याआधी वाइनचे वर्णन 'घरंदाज', 'दिमाखदार' अशा हवेतल्या शब्दांत चालायचे. नोबल यांनी म्हटले, जो वास येतो त्याचे सरळ नाव घ्या : फळाचा, फुलाचा, मातीचा, लाकडाचा. ज्ञान सर्वांना खुले करणारे हे पाऊल होते आणि त्याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण ती फळे-फुले त्यांच्या परिसरातली होती. आज नाशिकच्या टेस्टिंग रूममध्ये ब्लॅककरंटचा वास ओळखायला सांगतात. पेठ-सुरगाण्याच्या पोरीने ब्लॅककरंट कधी पाहिलेले नसते. तिला करवंद माहीत आहे, जांभूळ माहीत आहे, पहिल्या पावसाची माती आणि मोहाचा सडा माहीत आहे. तिचे नाक त्या खोलीतल्या कोणाहूनही तयार असेल, पण तिच्याकडचे शब्द तिथे चालत नाहीत. शब्द चालत नाहीत म्हणून तिला चव कळत नाही, असे ठरते. शाळेत आपल्या बोलीला 'अशुद्ध' ठरवून हेच झाले नव्हते का?

ताटात कोणाचे अन्न?

पेअरिंगच्या पुस्तकांत लाल वाइनची सर्वांत नावाजलेली जोडी गोमांसाबरोबर लावलेली असते. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. या बंदीने सर्वांत मोठा घास काढून घेतला तो गरीब मुसलमानांच्या, ख्रिश्चनांच्या आणि आपल्या ताटातला. पण एखाद्या महागड्या हॉटेलात वाइनबरोबर परदेशी मांसाचा उल्लेख झाला की तो शौक ठरतो, आणि आपल्या घरात चान्या वाळत घातल्या की शेजारी नाक दाबतात. एकाच्या मांसाहाराला जगाची चव म्हणायचे आणि दुसऱ्याच्या मांसाहाराला त्याची जात म्हणायची, हा न्याय कुठला?

शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. त्या पुस्तकाच्या नावातच सगळा युक्तिवाद आहे. ज्या अन्नाला ब्रह्म म्हणतात, त्यात आपल्या ताटातले अन्न कधी धरलेच नव्हते. रक्ती, वजडी, चान्या यांच्या पाककृती पाककलेच्या पुस्तकांत येत नव्हत्या, कारण त्या खाणारी माणसे पुस्तके लिहिणाऱ्यांच्या पंक्तीत बसत नव्हती. हे पुस्तक आता इंग्रजीतही गेले आहे आणि जगभर वाचले जाते आहे. आपल्या चवीला आपणच शब्द दिले की काय होते, त्याचे हे उदाहरण.

म्हणून आपला तरुण जेव्हा चीजच्या तुकड्याबरोबर वाइन घेऊन स्वतःला अभिरुचीसंपन्न समजतो आणि घरी आल्यावर आईच्या हातच्या सुकटीच्या वासाची लाज बाळगतो, तेव्हा आम्हांला पेल्यातल्या वाइनपेक्षा त्या लाजेची जास्त काळजी वाटते. हॉटेलातले चीजही उग्रच असते, काही चीज तर पायमोज्यांसारखे वास मारते आणि त्यालाच भाव असतो. वास उग्र आहे की नाही हा प्रश्नच नाही. तो कोणाच्या घरातून येतो हा प्रश्न आहे.

द्राक्ष आणि मोह : एका राज्यातले दोन कायदे

आता चवीकडून कायद्याकडे येऊ.

महाराष्ट्रात वाइनचा धंदा १९८० च्या दशकात नारायणगावच्या परिसरात उभा राहू लागला आणि शतक संपता संपता नाशिकला स्थिरावला. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे खास धोरण आणले, वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. पुढे वाइनवरच्या २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के रक्कम उद्योगाला परत देणारी प्रोत्साहन योजना आली. जानेवारी २०२२ मध्ये तर मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. पण त्या वेळी जो युक्तिवाद सरकार पक्षाकडून ऐकू आला तो लक्षात ठेवण्यासारखा आहे : वाइन ही दारू नाही, आणि तिच्यामुळे शेतकऱ्याचे भले होते.

याच राज्यात मोहाची कथा काय आहे? मोहाचे फूल हे डोंगरातल्या आदिवासींचे अन्न. ते वाळवून ठेवायचे, भाजून खायचे, भाकरीत घालायचे, आणि त्याची दारूही गाळायची. इंग्रजांनी १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणून घरगुती दारू गाळणे गुन्हा केले आणि मक्ता ठेकेदारांच्या हाती दिला. एवढ्याने भागेना म्हणून १८९२ मध्ये खास मोहफुलांसाठी वेगळा कायदा केला आणि ठाणे-कुलाब्याच्या पट्ट्यात फूल वेचून साठवण्यावरच निर्बंध आणले. झाडाखाली पडलेले फूल गुन्ह्याचा पुरावा झाले. स्वातंत्र्यानंतरही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली मोहफुलांवर नियंत्रण राहिले. राज्य सरकारने ते निर्बंध शिथिल केले ते २०२१ मध्ये. एका फुलाला मोकळे व्हायला शंभराहून जास्त वर्षे लागली.

त्यानंतर २०२२ मध्ये सरकारने मोह आणि काजूच्या बोंडापासून बनणाऱ्या मद्याला कोणता दर्जा द्यायचे ठरवले? 'विदेशी मद्य' हा! जे फूल इथल्या मातीत, इथल्या मूलनिवासींच्या अंगणात पडते, त्याला प्रतिष्ठा द्यायची तर त्याला विदेशी म्हणावे लागते. यावर वेगळे भाष्य करायची गरज आहे का?

आता यात शेतकऱ्याचे भले कुठे बसते तेही पाहू. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी, विरळणी, तोडणी कोण करते? पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातून उतरलेले आदिवासी मजूर, ज्यांच्यात बायांची संख्या मोठी असते. शहरातला पाहुणा हंगामात द्राक्षे पायाने तुडवण्याचा खेळ खेळतो, त्याचे पैसे मोजतो, हसतो, फोटो काढतो. त्याच बागेत पहाटे थंडीत घड तोडणाऱ्या बाईसाठी ते पीक म्हणजे दिवसाची मजुरी. तिच्या आजीला मोह गाळला म्हणून पोलिसांची भीती होती. तिने तोडलेल्या द्राक्षाची मात्र बाटली होते, बाटलीवर 'नाशिक व्हॅली'चे भौगोलिक मानांकन लागते आणि ती संस्कृती बनते. भौगोलिक मानांकनात भूगोल आहे, पण त्या भूगोलात राबणारी माणसे लेबलावर कुठे दिसतात?

आणि ज्याच्या खिशाला ही संस्कृती परवडत नाही तो काय पितो? जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून जास्त माणसे मेली. मरणारे मजूर होते, वस्तीतले होते. वरच्याला सवलत, मधल्याला परवाना आणि खालच्याला मिथेनॉल, अशी ही उतरंड आहे. चातुर्वर्ण्याची सवय असलेल्या समाजाने दारूलाही वर्ण दिले, एवढेच.

फलासव आणि पुप्फासव

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग आपणही मोहाची प्रतिष्ठा वाढवावी, आपल्या दारूच्या टेस्टिंग रूम काढाव्यात. आदिवासी समाजाला त्यांच्या परंपरेबद्दल काय ठरवायचे ते त्यांनी ठरवावे, त्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का नको, यासाठी आम्ही त्यांच्याबरोबर उभे आहोत. पण आम्ही बौद्ध आहोत आणि आमच्यापुढे पाचवे शील आहे. त्याबद्दल आम्हांला स्पष्ट बोललेच पाहिजे.

पाचव्या शीलात सुरा, मेरय आणि मज्ज असे तीन शब्द येतात. घाईघाईने म्हणताना आपण त्यांचा अर्थ पाहत नाही. विनयपिटकात भिक्खूंच्या सुरापानाच्या नियमाखाली या शब्दांची फोड केली आहे. सुरा म्हणजे पीठ, भात अशा धान्यापासून किण्व घालून केलेली. मेरय म्हणजे आसव, आणि त्याचे प्रकार दिले आहेत : पुप्फासव, फलासव, मध्वासव, गुळासव. म्हणजे फुलाचे, फळाचे, मधाचे आणि गुळाचे.

नीट पाहा. फळ आंबवून केलेले ते फलासव. द्राक्षाची वाइन ही याच नावाखाली येते. आणि फूल आंबवून केलेले ते पुप्फासव, म्हणजे मोह. अडीच हजार वर्षांच्या परंपरेने द्राक्षाला आणि मोहाला एकाच ओळीत, शेजारीशेजारी बसवले आहे. एकाला संस्कृती आणि दुसऱ्याला गुन्हा म्हणण्याची सोय तिथे नाही. राज्याच्या कायद्यात जी समता नाही, ती या एका ओळीत आहे. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हा युक्तिवाद सरकारी टेबलावर चालेल, विहारात चालणार नाही.

याच नियमाच्या मुळाशी असलेली गोष्टही टेस्टिंगच्या संदर्भात वाचण्यासारखी आहे. सागत नावाचे एक कर्तबगार भिक्खू होते. त्यांनी अंबतित्थ येथे एका भयंकर नागाला नमवले म्हणून त्यांची कीर्ती पसरली. नागाचा चमत्कार आपण बाजूला ठेवू. पुढे ते कोसंबीत आले तेव्हा लोकांनी प्रेमापोटी दुर्मीळ, उंची मद्य घरोघरी तयार ठेवले. सागत भिक्षेला निघाले आणि प्रत्येक घरी थोडे थोडे घेत गेले. नगराच्या वेशीवर येईपर्यंत ते कोसळले. त्यांना उचलून विहारात आणले, डोके बुद्धांकडे करून झोपवले, तर बेशुद्धीत वळून त्यांनी पायच बुद्धांकडे केले. बुद्धांनी भिक्खूंना विचारले : हे पूर्वी आदराने वागत होते ना? आता आदर दिसतो का? ज्यांनी नागाला नमवले, ते आता पाणसापाला तरी नमवतील का?

यात शिव्याशाप नाहीत, नरकाची भीती नाही. एक साधा प्रश्न आहे : जे बळ तुझ्याकडे होते ते आता आहे का? प्रमाद म्हणजे तेच, सावधपण हरवणे. आणि सागतांचा घात हातभट्टीने केलेला नाही. उंची मद्याने, प्रेमळ यजमानांनी, प्रत्येक घरी फक्त थोडे थोडे करत तो झाला. आजच्या टेस्टिंगचा याहून नेमका इशारा आम्हांला दुसरीकडे सापडलेला नाही.

ज्यांना धम्मापेक्षा आकडे पटतात त्यांच्यासाठी साधा हिशेब. १५० मिलिलिटरचा एक पेला वाइन, त्यात १३ टक्के अल्कोहोल धरले तर सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल होते. ३० मिलिलिटर व्हिस्कीच्या एका पेगात सुमारे १० ग्रॅम. 'फक्त वाइन' घेणारा माणूस पेग घेणाऱ्यापेक्षा कमी घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की आरोग्यासाठी अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. शरीराला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येतो : काय खावे यावर सरकार बंधन घालते तेव्हा तुम्ही विरोध करता, आणि काय प्यावे यावर स्वतःच बंधन घालता. हा दुटप्पीपणा नाही का?

नाही. गोवंश हत्याबंदी हा राज्याने दुसऱ्याच्या ताटावर घातलेला हात आहे. शील ही माणसाने स्वतःच्या हातावर घातलेली मर्यादा आहे. पंचशीलात आज्ञा नसते. 'मी हे शिकण्याचे व्रत घेतो' असे तिथे आपणच म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या गेल्या, त्यांत दारू न पिण्याचीही एक होती. ती लाखो लोकांनी उभे राहून, आपल्या मुखाने घेतली. कोणावर पोलीस पाठवले नव्हते. आम्हीही कोणाच्या पेल्यावर पोलीस बसवायला निघालेलो नाही. फक्त व्रत घेतल्यावर त्याला पळवाट काढताना बाटलीवरच्या इंग्रजी नावाचा आधार घेऊ नये, एवढेच म्हणतो.

दुसरा आक्षेप : दारू सोडा हा उपदेश उच्चवर्णीय सुधारकांचा, तो गरिबांनाच सुनावला जातो.

तो सुनावला गेला हे खरे. पण सोडण्याचा इतिहास आपलाही आहे. १९२२-२३ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून सुरू झालेली देवीची चळवळ दक्षिण गुजरातच्या आदिवासींमध्ये वणव्यासारखी पसरली. त्यांनी स्वतः दारू सोडली आणि ज्या पारशी दारूविक्रेत्यांनी व जमीनदारांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पिळले होते त्यांच्याशी व्यवहार तोडला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी त्यावर ग्रंथ लिहिला आहे. सोडणे हे तिथे बंड होते. महाडला १९२७ मध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले तेही असेच, स्वाभिमानासाठी. आणि महाराष्ट्रात 'उभी बाटली, आडवी बाटली' अशा मतदानात बाटली आडवी करणाऱ्या बाया कोण होत्या? झोपडीतल्या, शेतातल्या, मार खाल्लेल्या. त्यांना कोणी उपदेश केला नव्हता. वाइनला सुपरमार्केटच्या फळीवर बसवू पाहणाऱ्यांनी या बायांना एकदा तरी विचारले होते का?

मग करायचे काय?

१९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात शिक्षणावर बोलताना बाबासाहेबांनी एक हिशेब मांडला होता. सरकार माणशी १४ आणे शिक्षणावर खर्च करते आणि माणशी २ रुपये २ आणे ९ पै अबकारीतून गोळा करते. लोकांकडून दारूपोटी जेवढे घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. जवळजवळ शंभर वर्षे झाली. आपल्या कार्यकर्त्यांनी हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यात विचारावा. राज्य उत्पादन शुल्कातून किती आले, वाइन उद्योगाला सवलतीपोटी किती परत गेले, आणि शिष्यवृत्ती किती महिने थकली? माहितीच्या अधिकारात तीन अर्ज पुरेत. वाइनच्या संस्कृतीवर चर्चा करायचीच असेल तर ती या तीन आकड्यांसमोर बसून करू.

दुसरे, द्राक्षबागेतल्या मजुरांच्या मजुरीचा, मुक्कामाच्या जागेचा आणि फवारणीच्या वेळच्या सुरक्षेचा प्रश्न आपल्या संघटनांनी हाती घ्यावा. नाशिकला जायचेच असेल तर टेस्टिंग रूमच्या मागच्या दाराने जाऊन बघा.

तिसरे, चव ओळखण्याची विद्या सोडू नका. ती पेल्याशिवायही येते. रंग बघणे, हुंगणे, थांबणे, जे जाणवले त्याला नेमके नाव देणे, यात तर सतीच आहे, सावधपण आहे. वसतिगृहात, विहारात एखादी दुपार काढा. आंबाडी, करवंद, जांभूळ, कोकम, ताक, आंबील, हुलग्याचे माडगे समोर ठेवा. जुन्या बायांना बोलवा. कोणत्या कालवणाला कोणते आंबट लागते, कोणते सुके मासे कोणत्या भाकरीबरोबर जातात, हे त्यांच्याकडून ऐका आणि लिहून काढा. त्यांच्या तोंडी चवीचे जे शब्द आहेत ते गोळा करा. ते शब्द ज्या दिवशी छापून येतील, त्या दिवशी ब्लॅककरंट न पाहिलेल्या पोरीला कोणी चव कळत नाही म्हणू शकणार नाही.

ज्या समाजाला चवदार तळ्याचे पाणी चाखायला सत्याग्रह करावा लागला, त्याला अभिरुची कोणी शिकवू नये. महाडच्या त्या ओंजळीत नशा नव्हती, पण तिची चव आपल्या तीन पिढ्यांच्या जिभेवर अजून आहे. ती शुद्धीवर राहूनच कळते.

जय भीम! नमो बुद्धाय!